शेततळ्यातील मासा निखाऱ्यावर : फिलेट काढण्यापासून भाजणीपर्यंत

राज्यात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाली आणि अवर्षणप्रवण भागातही बांधाबांधावर शेततळी दिसू लागली. पाणी साठवण्याबरोबर अनेक शेतकरी बंधू त्यात रोहू, कटला, सायप्रिनस, पंगस यांचे संगोपन करतात. आठ-दहा महिने खाद्य द्यायचे, पाण्याचा हिरवेपणा सांभाळायचा, रात्री-अपरात्री बगळे आणि चोर यांवर नजर ठेवायची आणि शेवटी मासा तळ्याच्या काठावर व्यापारी सांगेल त्या भावाने द्यायचा, हा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. आश्चर्य असे की, ज्यांच्या तळ्यात टनावारी मासा निघतो त्यांच्याच घरी तो फारसा शिजत नाही. कारण विचारले तर 'काटे फार' आणि 'चिखलाचा वास येतो' अशी दोन उत्तरे मिळतात. तिसरे कारण कोणी सांगत नाही, पण चुलीजवळ बसले की दिसते. मासा मटणासारखा शिजवला जातो, म्हणजे गरजेपेक्षा दुप्पट वेळ.

तळ्यावर थेट विक्री करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला तर हे तिसरे कारण फार महाग पडते. गिऱ्हाईक माशाचा पहिला घास तळ्यावरच घेते आणि तो कोरडा, चोथट किंवा वासाचा निघाला तर पुन्हा येत नाही. म्हणून तळलेल्या माशाऐवजी कमी तेलात, निखाऱ्यावर भाजलेल्या फिलेटची कृती या लेखात कारणांसह दिली आहे. फिलेट म्हणजे माशाच्या पाठीच्या कण्यालगत सुरी चालवून एका बाजूची काढलेली अखंड मांसल पट्टी. आपल्याकडील आडव्या तुकडीत कण्याचे हाड मध्येच राहते, फिलेटमध्ये ते राहत नाही.

मटण आणि मासा यांतील फरक

मटणातील स्नायूंचे तंतू लांब असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे पडदे चिवट असतात. ते पडदे विरघळण्यासाठी तासभर मंद शिजवावे लागते. माशाचे तंतू आखूड असून ते थराथरांनी रचलेले असतात. दोन थरांमधील पडदा अतिशय पातळ असतो व ५० अंश सेल्सिअसच्या आसपासच तो विरघळू लागतो. शिजलेल्या माशाच्या पाकळ्या सुटतात त्या याच ठिकाणी. याचा अर्थ असा की मासा मऊ करण्यासाठी वेळ द्यावा लागत नाही. वेळ लागतो तो फक्त उष्णता पट्टीच्या मध्यापर्यंत पोहोचण्यासाठी. मध्यभागाचे तापमान ६३ अंश सेल्सिअस झाले की मासा खाण्यास सुरक्षित झाला असे समजतात. त्यापुढे जसजसे तापमान वाढेल तसतसे तंतू आक्रसतात, पाणी बाहेर ढकलतात आणि मांस कोरडे पडते. पट्टीवर पांढरे दुधाळ थेंब साचू लागले तर ते मांसातून पिळून निघालेले प्रथिन होय. थोडे थेंब आले तर बिघडत नाही, पण पट्टी त्यांनी भरून गेली तर उशीर झाला असे समजावे.

कोणता मासा घ्यावा

भाजण्यासाठी सर्वच मासे सारखे नाहीत. पंगस माशात मांसाच्या आत रुतलेले बारीक काटे नसतात, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात तो सर्वांत सोयीचा. मात्र त्याचे मांस मऊ व पाणीदार असते आणि उघड्या जाळीवर ते तुटून निखाऱ्यात पडते. त्याला पानाचा किंवा तव्याचा आधार द्यावा. शासनाची परवानगी घेऊन वाढवलेल्या गिफ्ट तिलापियाची पट्टी पातळ पण घट्ट असते. डोक्याकडील बाजूस काट्यांची एक छोटी ओळ असते, ती व्ही आकाराचा छेद देऊन काढून टाकता येते. रायगड जिल्ह्यात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी पद्धत आहे. ज्यांना तो मिळतो त्यांनी दुसऱ्या माशाचा विचार करू नये. जाड, पांढरी, घट्ट पट्टी निखाऱ्यासाठीच जणू असते.

प्रश्न येतो रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनसचा. या कार्प गटातील माशांच्या पाठीत आणि शेपटीकडे वाय आकाराचे बारीक काटे मांसात सुटे असतात व ते ओढून काढणे घरी शक्य होत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला, दोन किलोच्या वरचा कटला घेऊन त्याच्या पोटाकडचा भाग वेगळा करावा. बंगालमध्ये यालाच 'पेटी' म्हणतात व तिला अधिक मान असतो. या भागात फक्त बरगड्यांचे मोठे काटे असतात, ते सुरीच्या एका फटक्यात निघतात. पाठीचा भाग रश्श्याला ठेवावा. दुसरा उपाय चिरा देण्याचा. पट्टी कातडी खाली करून पाटावर ठेवावी आणि धारदार सुरीने दर ३ ते ४ मि.मी. अंतरावर, कातडीपर्यंत पण कातडी न कापता, आडव्या चिरा द्याव्यात. काटे तुटताना सुरीखाली करकर असा आवाज ऐकू येतो. हंगेरीत सायप्रिनस याच रीतीने तयार करतात. परंतु तेथे तो बहुधा तळतात आणि उकळत्या तेलात हे तुकडे कुरकुरीत होऊन जातात. निखाऱ्यावर तसे पूर्णपणे होत नाही. म्हणून चिरा दिलेला रोहू मोठ्यांनी खावा, लहान मुलांना देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चिखलाचा वास कोठून येतो

हा वास चिखलाचा नसतो. नील-हरित शेवाळ आणि अॅक्टिनोमायसिटीस गटातील जीवाणू 'जिओस्मिन' नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसात मातीचा जो सुगंध आपल्याला आवडतो, त्यातही हाच पदार्थ असतो. पावसात हवाहवासा वाटणारा वास ताटात मात्र नकोसा होतो. मासा हा पदार्थ कल्ल्यांवाटे काही तासांत शोषून घेतो, पण तो शरीराबाहेर जाण्यास दिवस लागतात. चरबी अधिक असेल तर आणखी उशीर होतो.

यावर खरा उपाय स्वयंपाकघरात नसून तळ्यावर आहे. मासा काढण्यापूर्वी तो विहिरीच्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत, हवा खेळती ठेवून आणि खाद्य न देता ठेवावा. वास सौम्य असेल तर दोन-तीन दिवस पुरतात, उग्र असेल तर आठवडा किंवा अधिकही लागतो. त्याआधी एक चाचणी अवश्य घ्यावी. तळ्यातील एक मासा काढून त्याचा शेपटीकडचा तुकडा मीठ-मसाला न लावता झाकणाखाली वाफवावा आणि झाकण उघडताच वास घ्यावा. अमेरिकेतील कॅटफिश उद्योगात अशी चाचणी झाल्याशिवाय तळ्यातील माल प्रक्रिया कारखान्यात घेत नाहीत. आपल्याकडे ही चाचणी गिऱ्हाईक घेते आणि निकाल न सांगता निघून जाते.

घरी आलेल्या माशाला थोडा वास असेल तर कातडी, पोटाकडील चरबी आणि पट्टीच्या मधोमध असलेला तांबूस मांसाचा पट्टा काढून टाकावा. वास मुख्यतः तेथेच साठतो. नंतर कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात पंधरा मिनिटे ठेवावे. आंबट द्रव्यामुळे जिओस्मिनचे रूप बदलून वास कमी होतो. कोकणात माशाला आगळ लावण्याची रीत आहे, तिच्यामागे असे शास्त्र आहे.

पट्टी काढणे

मासा पाण्याबाहेर काढल्यावर लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावा. जेवढा मासा तेवढाच, वजनास वजन, बर्फ वापरावा. मेल्यानंतर काही तासांनी मासा ताठर होतो. या अवस्थेत फिलेट काढू नये व वाकलेला मासा जोर लावून सरळ करू नये. तसे केल्यास थर फाटतात आणि भाजताना पट्टीचे तुकडे होतात. पट्टी मासा ताठरण्यापूर्वी काढावी किंवा बर्फात ठेवून ताठरपणा गेल्यावर, साधारणपणे दुसऱ्या दिवशी, काढावी. घरासाठी दुसरी पद्धत बरी. अगदी ताजी पट्टी विस्तवावर आक्रसते.

कल्ल्यामागे कण्यापर्यंत तिरका छेद द्यावा, सुरी आडवी करून कण्याला घासत शेपटीपर्यंत न्यावी, मग बरगड्यांचा पडदा कापून काढावा. खवले काढून कातडी ठेवली तर उत्तम, कारण जाळीवर तीच पट्टीला आधार देते. वास असलेल्या माशाची कातडी काढावीच लागते, तेव्हा आधारासाठी पानाचा वापर करावा. तिलापियात पट्टीचे वजन संपूर्ण माशाच्या सुमारे एक तृतीयांश भरते, म्हणजे किलोभर फिलेटसाठी तीन किलो मासा लागतो. विक्रीचा भाव ठरवताना हे गणित प्रथम मांडावे.

मीठ आणि वाटण

एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्या थंड पाण्यात २ सें.मी. जाडीच्या पट्ट्या पंधरा मिनिटे ठेवाव्यात. मिठामुळे वरच्या थरातील प्रथिने थोडी विरघळतात, पाणी धरून ठेवतात आणि पांढरे थेंबही कमी येतात. नंतर स्वच्छ सुती कापडाने पट्टी अगदी कोरडी टिपावी. या टिपण्याचा बहुतेक जण कंटाळा करतात. ओल्या पट्टीवरील उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, रंग येत नाही आणि पट्टी जाळीला चिकटते.

एक किलो पट्ट्यांसाठी तीन मोठे चमचे चक्का, दोन चमचे आले-लसणाचे अगदी बारीक वाटण, दोन लहान चमचे तिखट, एक लहान चमचा हळद, एक मोठा चमचा कोरडे भाजलेले बेसन आणि दोन मोठे चमचे तेल एकत्र करावे. मीठ पुन्हा घालू नये. पातळ दही चालत नाही, ते निथळून निखारा विझवते. बेसनामुळे वाटण पट्टीला धरून राहते. लसूण जाडसर राहिला तर जळून कडू होतो. असे लेप दिलेले मासे अर्धा तास थंड जागी ठेवावेत. लिंबाचा रस मात्र भाजल्यावरच पिळावा. कच्च्या पट्टीवर तासभर लिंबू राहिले तर वरचे मांस आंबटाने आधीच घट्ट पांढरे होते आणि भाजल्यावर भुसभुशीत लागते. तळताना लावतो तसे तांदळाचे पीठ येथे लावू नये, ते कोरडेच राहून झडते.

निखारा आणि भाजणी

बाभळीचा कोळसा उत्तम. नारळाच्या करवंट्यांचा निखारा प्रखर असतो, परंतु लवकर उतरतो, म्हणून दोन्ही मिसळून घ्यावेत. रॉकेल, रंग दिलेले लाकूड, प्लायवूडचे तुकडे यांचा वापर करू नये. कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही व वासही नाही, आणि त्याने झोपेत माणसे दगावतात.

ज्वाळा संपून निखाऱ्यावर राखाडी राखेचा थर आला की ते एका बाजूला जास्त व दुसरीकडे कमी असे पसरावेत. जाळीच्या उंचीवर तळहात धरून मनात सावकाश आकडे मोजावेत. तीन-चार आकड्यांपर्यंत हात धरवला तर आच योग्य. आकडे सहा-सातवर गेले तर आच कमी आहे, मासा भाजण्याऐवजी सुकेल. जाळी किमान पाच मिनिटे तापवून, घासून, कांद्याच्या अर्ध्या फोडीने तेल फिरवावे. पट्टी थंड जाळीवर ठेवली तर प्रथिने धातूला घट्ट धरतात. तापलेल्या, तेल लावलेल्या जाळीवर पृष्ठभाग लगेच भाजला जातो आणि पकड कमी बसते.

पट्टी कातडीची बाजू खाली करून ठेवावी. एकूण वेळेच्या दोन तृतीयांश वेळ याच बाजूने भाजावे, मग एकदाच उलटावे. येथे एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका तळ्याच्या बांधावर आम्ही प्रात्यक्षिक दाखवत होतो. लोक जमलेले, घाई झालेली. दोन मिनिटांतच उलथणे घातले आणि पहिल्या दोन पट्ट्या जाळीलाच राहिल्या. समोर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "अहो साहेब, जरा थांबा की. भाकरी कशी भाजली की तव्यावरून आपण सुटते, तशी सुटू द्या त्याला." तिसऱ्या पट्टीला आम्ही हात लावला नाही. चार-साडेचार मिनिटांनी उलथण्याच्या टोकाने ती अलगद उचलली गेली. तेव्हापासून प्रात्यक्षिकात आम्ही हेच सांगतो : पट्टी सुटत नसेल तर ती अजून भाजलेली नाही.

वेळेचा हिशेब जाडीवर ठेवावा, वजनावर नाही. योग्य आचेवर दर अडीच सेंटिमीटर जाडीला दोन्ही बाजू मिळून सुमारे दहा मिनिटे लागतात. २ सें.मी. पट्टीला सात-आठ, आणि १ सें.मी. च्या पातळ तिलापियाला चार मिनिटे पुरतात. शेपटीकडचा निमुळता भाग आधी होतो, म्हणून तो कमी निखाऱ्याच्या बाजूस यावा अशा रीतीने पट्टी ठेवावी, किंवा ते टोक खाली दुमडून जाडी सारखी करावी. चरबी गळून ज्वाळा उठल्या तर पट्टी बाजूला सरकवावी. काजळीच्या धुरात बेंझोपायरीनसारखी आरोग्यास घातक द्रव्ये असतात, आणि काळी झालेली कड खरवडूनच खावी.

पंगस किंवा कातडी काढलेली पट्टी केळीच्या किंवा हळदीच्या पानात गुंडाळून भाजावी. पान आधी आचेवर फिरवून मऊ केले की फाटत नाही. पानात वाफेने शिजते, रंग येत नाही, म्हणून शेवटची दोन मिनिटे पान उघडून ठेवावे. हळदीच्या पानाचा वास माशात उतरतो व तो उरल्यासुरल्या मातकटपणाला झाकतो.

गॅसवर भाजणाऱ्यांनी ज्योतीवर जाळी ठेवू नये, वाटण बर्नरमध्ये गळते. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवावा, तेल तव्याला न लावता पट्टीला लावावे आणि पहिली अर्धी मिनिट उलथण्याने हलके दाबून धरावे म्हणजे कातडी वाकत नाही. विजेच्या ओव्हनमध्ये वरची कॉईल आधी पूर्ण तापवून पट्टी तिच्याखाली १० ते १२ सें.मी. अंतरावर ठेवावी. पातळ पट्टी तेथे उलटण्याची गरज नसते.

झाले हे कसे ओळखावे

अन्नाचा तापमापक असल्यास सर्वांत जाड भागात त्याचे टोक घालून ६३ अंश पाहावे. नसल्यास सुरीच्या टोकाने जाड भागातील थर किंचित बाजूला करावेत. आत काचेसारखी झाक असेल तर अजून कच्चे, दुधासारखे पांढरे दिसून पाकळी सहज सुटली तर झाले. उतरवल्यावरही आतील उष्णता थोडी चढते. तेव्हा झाक गेली की लगेच उतरवावे, 'अजून एक मिनिट' करू नये. मात्र अर्धकच्चा मासा चवीसाठीही खाऊ नये. गोड्या पाण्यातील माशांत परोपजीवी कृमी असू शकतात. कच्ची पट्टी ठेवलेल्या ताटात भाजलेली ठेवू नये आणि उरलेले वाटण वरून चटणी म्हणून वाढू नये.

बाजारातून समुद्री मासा आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बांगडा, सुरमई, कुप्पा असे मासे बर्फाविना उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होते. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे ही त्याची लक्षणे. हे द्रव्य भाजल्याने, तळल्याने किंवा उकळल्याने नाहीसे होत नाही. शिळा मासा निखाऱ्यावर ताजा होत नाही आणि मसाल्याने तर तो केवळ ओळखू येईनासा होतो.

फिलेट काढल्यावर उरलेले डोके, कणा व कडा यांचे दोन-तृतीयांश वजन फेकून देऊ नये. कल्ले काढून, धुऊन, कांदा-आले घालून वीस-पंचवीस मिनिटे उकळावे व गाळून घ्यावे. त्या पाण्यात ओले खोबरे आणि कोकम घातले की घरच्यांपुरते कालवण होते. गाळातील काटे व आतडी कंपोस्ट खड्ड्यात शेणाच्या थराखाली खोल पुरावीत, वर राहिली तर पहाटेपर्यंत कुत्री उकरून काढतात.